यंत्राची जुळणी

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवी भाषा शिकू नये, नवे घर बांधू नये आणि नवे यंत्र जोडू नये, असे आमचे एक स्नेही नेहमी म्हणतात. पहिल्या दोहोंचा मोह आम्ही आवरला; तिसऱ्याचा मात्र आवरला नाही. गेल्या चैत्रात, चित्रफितींचे संपादन करण्याजोगा संगणक सुटे भाग निवडून घरीच जोडावा, असे आम्ही मनात घेतले. जन्मभर वर्गात शेक्सपिअर शिकविणाऱ्यास ही उठाठेव कोणी सांगितली होती, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर आमच्या आईपाशी आहे.

आई खालापूर तालुक्यातील आमच्या मूळ गावी राहते. तिने ऐंशी ओलांडली आहे. जात्यावरच्या ओव्या आणि भातलावणीची गाणी तिला शेकड्यांनी येत. गेली सहा वर्षे सुटी मिळाली की आम्ही कर्जतहून तिच्याकडे जातो आणि ती म्हणेल ते चित्रित करून घेतो. असे सुमारे चाळीस तासांचे चित्रण आज आमच्यापाशी आहे. परंतु ते नीट कापून सांधावे, तर आमचा जुना संगणक चार पावले चाले आणि धापा टाकीत बसे.

आमचा एक जुना विद्यार्थी कर्जतच्या बाजारात संगणक दुरुस्त करतो. त्याच्यापुढे आम्ही मोठ्या ऐटीने यादी ठेवली. तीत काचेची पेटी होती, रंगीत दिव्यांचे पंखे होते आणि ऐपतीबाहेरचे ग्राफिक्स कार्ड होते. यादी वाचून तो नम्रपणे म्हणाला, "सर, निबंध लिहिण्याआधी काय सांगायचे ते ठरवा, असे तुम्ही आम्हाला शिकवलेत. मग इथे काय कापायचे, ते आधी नको का ठरवायला?" गुरुदक्षिणा म्हणतात ती हीच असावी!

मग त्याने आमची शिकवणी घेतली. मोबाइल किंवा साधा कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाही. मागच्या चित्राहून जेवढा फरक पडला, तेवढाच बहुधा टिपून ठेवतो. त्यामुळे मधलेच एखादे चित्र पाहू म्हटले, तर यंत्राला आधीची कित्येक चित्रे उलगडावी लागतात. नव्या प्रोसेसरांत व ग्राफिक्स कार्डांत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. आपल्या कॅमेऱ्याची लिपी त्याला वाचता येते की नाही, हे किमतीच्या आधी पाहावे. बत्तीस जीबी स्मृती घ्यायची, तर एकच पट्टी न घेता सोळा-सोळांच्या दोन घ्याव्या. दोन वाटांनी काम वेगाने होते. आणि एक भाग धावरा व दुसरा लंगडा असे करू नये. औताला एक खोंड आणि एक म्हातारा बैल जुंपला, तर नांगर म्हाताऱ्याच्याच चालीने चालणार.

खरेदीसाठी आम्ही मुंबईस गेलो. कर्जतहून शिवाजी टर्मिनस १०० किलोमीटर. आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी जुने नावच लोकांच्या तोंडी आहे. त्या गर्दीत आम्हाला दादासाहेब फाळके आठवले. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणून त्यांनी घरातच कारखाना मांडला; कोऱ्या फितीच्या कडांना अंधाऱ्या खोलीत भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. तिकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर आपला कॅमेरा स्वतःच घडविला. आमच्या शेजारी चौकच्या परिसरात नितीन देसाई यांनी २००५ साली भव्य स्टुडिओ उभारला हे खरे. पण मराठी चित्रपटाचा पाळणा घरच्या माजघरातच हलला, हे विसरता कामा नये.

एक गोष्ट मात्र आम्ही त्या विद्यार्थ्याला प्रथम सांगितलीच नव्हती. खोपोलीच्या विद्युद्गृहातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, हे आमच्या तालुक्याचे भूषण. पण पावसाळ्यात घरचा दिवा डोळे मिचकावतो, हाही आमचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. आणि पहिल्या वर्षीचे सहा तासांचे चित्रण जीवर होते, ती हार्ड डिस्क पुन्हा बोलली नाही. दुसरी प्रत आम्ही काढली नव्हती. दोष विजेचा थोडा, आमच्या आळसाचा फार.

हे ऐकून तो काही वेळ गप्प राहिला. मग यादीवर काट मारीत म्हणाला, "सर, कार्ड पुढच्या वर्षीही मिळेल." आम्ही हिशेब मांडला. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाचे साडेबावीस जीबी होतात, म्हणजे चाळीस तासांचे ९००. तेव्हा दोन टीबीच्या दोन डिस्क घेतल्या, एक घरी आणि एक गावी. काचेची पेटी जाऊन जाळीची आली, रंगीत दिवे गेले, कार्ड मध्यम प्रतीचे ठरले. वाचलेले पैसे चांगला पॉवर सप्लाय, यूपीएस आणि घराचे अर्थिंग यांत गेले. यंत्राचा प्रत्येक भाग बाजारात पुन्हा मिळतो. जे मिळत नाही, त्याच्या रक्षणापासून यादीचा आरंभ करावा, एवढे शहाणपण आम्ही सहा तास गमावून विकत घेतले.

यंत्र चालू झाले, तेव्हा आईला कर्जतला आणले. पडद्यावर स्वतःला पाहून ती म्हणाली, "अरे, एवढ्याशा पेटीत मला बसवलीस?" हरवलेल्या ओव्या पुन्हा म्हणशील का, असे आम्ही विचारले. तिने पहिली ओळ म्हटली, दुसरीला अडली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. पुढचे आठवले नाही.

तो प्रसंगही आम्ही चित्रित केला आहे. त्यात अकरा सेकंद कोणीच बोलत नाही. विद्यार्थी म्हणाला, "सर, एवढे कापले तर गाणे सलग वाटेल." नवे यंत्र ते क्षणार्धात कापील, यात शंका नाही. आम्ही ते ठेवले आहे.