पोते बदलावे, दाणे दळू नयेत

माझ्या दिवंगत वडिलांचे चालतेबोलते रूप एकाच चित्रणात उरले आहे. आईस ते दूरदर्शनसंचावर पाहता यावे, म्हणून मी ते तबकडीवर उतरविले. आमचा कॅमेरा सोनी व पॅनासॉनिक यांनी २००६ साली जाहीर केलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीचा. तीत चित्र एच.२६४ रीतीने आधीच संक्षेपिलेले असते. त्याचा पुन्हा संक्षेप केल्यास दर खेपेस काही बारकावे गळतात, व गेलेले परत येत नाहीत. वडिलांच्या मुद्रेवरील एकही सुरकुती मला गमवावयाची नव्हती.

सुदैवाने बहुतेक ब्लू-रे यंत्रांस ही रीत मूळचीच कळते. बदलावयाची ती केवळ मांडणी. धान्य न दळता एका पोत्यातून दुसऱ्यात ओतावे, तसे हे काम टीएसमक्सर नामक साधन करते. साध्या ४.७ जीबी डीव्हीडीवर सेकंदास १८ मेगाबिट गतीचे सुमारे अर्ध्या तासाचे चित्रण मावते. मात्र जुन्या डीव्हीडी यंत्रावर ही तबकडी चालत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तबकडी झाली तरी मूळ चित्रण पुसू नका. वडीलधाऱ्यांची आठवण जशी लाभली, तशीच पुढील पिढीच्या हाती द्यावी.