इंग्रजी आठ

मासे धरणें हा स्वस्थ बसणाऱ्यांचा उद्योग होय, असा आपल्याकडे समज आहे. नदीकांठीं गळ टाकून झाडाखालीं डुलक्या घेणाऱ्या गृहस्थांस पाहून तो झाला असावा, आणि तो अगदींच खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एक मासा असा आहे कीं, त्याच्यासाठीं स्वस्थ बसणारा मनुष्य रिकाम्या हातींच घरीं येतो. तो उत्तर अमेरिकेंतील मस्केलंज. विस्कॉन्सिन संस्थानानें १९५५ सालीं त्यास आपला राज्यमासा ठरविलें. तेथील लोक त्यास लाडानें ‘मस्की’ म्हणतात, आणि ‘दहा हजार फेकींचा मासा’ हेंही त्याचें टोपणनांव आहे. २०१८ च्या जुलै महिन्यांत त्या संस्थानाच्या उत्तर भागांत तीन आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां या नांवाचा अर्थ कळला.

मस्की पाणवनस्पतींच्या कडेस दबा धरून बसतो. त्याचे पाठीवरील व पोटाखालील पर पार शेंपटीजवळ असतात, त्यामुळें तो एका झटक्यांत बाणासारखा सुटतो. चकचकीत पत्र्याचा किंवा लाकडाचा बनावट मासा दूर फेकून रिळावर ओढीत आणला, तर तो त्याच्या मागें निघतो. पण धरीत नाहीं. वीतभर अंतर ठेवून नावेपाशीं येतो, आणि दारापर्यंत आलेल्या पाहुण्यानें उंबरा न ओलांडतां मागें फिरावें तसा खालीं बुडून जातो. मासा दिसतांच नवखा मनुष्य दचकून हात थांबवितो, किंवा आमिष पाण्याबाहेर उचलतो. मग सर्वच संपलें.

आमच्या मतें यांतील मर्म असें आहे. खरा लहान मासा पाठीशीं शत्रु पाहून सरळ पळत राहत नाहीं. तो वळतो, वेग वाढवितो. आपलें आमिष मात्र शेवटपर्यंत एकाच रेषेंत, एकाच चालीनें येतें. म्हणून शेवटच्या दोन हातांत त्यास वळवावयाचें. काठीच्या टोंकापाशीं फूट-दीड फूट दोरी उरली कीं, टोंक तसेंच पाण्यांत खुपसावें आणि हात क्षणभरही न थांबवितां नावेच्या कडेस भला मोठा आठाचा आंकडा काढावा. आठ इंग्रजी, मराठी नव्हे. आपला आठ उघडा असतो. त्यांतून मासा सुखरूप निघून जाईल! आपल्या चाराचीं वरचीं दोन टोंकें मिटविलीं म्हणजे त्यांचा आठ होतो, हें लहान वर्गांतील मुलांसही समजेल. वळणें रुंद हवींत, कारण चार फूट लांबीच्या माशास ताटाएवढ्या जागेंत वळतां येत नाहीं. सरळ भागीं आमिष खोल न्यावें, वळणावर किंचित् वर आणून वेग वाढवावा. बहुधा तेथेंच तो तोंड घालतो. दोरी जवळजवळ उरलेलीच नसते, म्हणून रीळ सैल हवें. नाहीं तर दोरी किंवा मनगट, दोहोंपैकीं एक दुखावतें. आणि मासा दिसो वा न दिसो, प्रत्येक फेकीच्या शेवटीं हा आठ काढिलाच पाहिजे. तिकडील कित्येक तळ्यांचें पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचें आहे. थोडा खोल असलेला मासा त्यांत दिसत नाहीं.

तो भुकेनें तोंड घालतो कीं रागानें, यावर तेथील नावाडी तासन् तास वाद घालतात. आम्हांस आपल्या मरळ माशाची आठवण झाली. पावसाळ्यांत मरळांची जोडी आपल्या पिलांच्या थव्याखालीं पहारा करीत फिरते, आणि त्या थव्यांतून आमिष ओढलें तर भूक नसतांही तुटून पडते. ती युक्ति सोपी आहे, व आम्हांस ती आवडत नाहीं. आईबाप गेले कीं पिलें इतर माशांच्या तोंडीं पडतात. मस्की पिलें राखीत नाहीं, तेव्हां त्याच्या बाबतींत हा दोष लागत नाहीं. तेथें अडचण निराळी: तो फार सावकाश वाढतो. विस्कॉन्सिनमध्यें बहुतेक पाण्यांत ४० इंचांहून लहान मस्की ठेवतां येत नाहीं, आणि तेवढें होण्यास त्यास सात-आठ वर्षें किंवा अधिकही लागतात. म्हणून आज बहुतेक शौकीन तो धरून पुन्हां सोडून देतात.

आमचे यजमान त्यांतलेच. वय ७८, उजवा खांदा झिजलेला. हिवाळ्यापूर्वीं नाव विकावयाची असें मुलांनीं ठरविलें होतें. शेंपटीस खांच असलेला एक मासा मागील दोन उन्हाळ्यांत त्यांच्या नावेपर्यंत येऊन परत गेला होता. तरीही ते नावेंत उष्णतामापक ठेवीत, आणि पाणी ८० अंश फॅरनहाइटवर गेलें कीं नाव परत वळवीत. तापलेल्या पाण्यांत दमलेला मासा सोडला तरी मरतो, एवढेंच सांगत. आमच्या पहिल्या आठवड्यांतील चार दिवस असे गेले. दिनदर्शिकेकडे आम्हीच अधिक पाहत होतों.

मग पाऊस झाला, पाणी निवालें. एके सकाळीं तो आला. खांच आम्हांस दिसली नाहीं, बुवांनीं ओळखली. ते कांहीं बोलले नाहींत. काठी पाण्यांत शिरली, पहिला आठ झाला. मासा वळणावर मागें पडला, पुन्हां आला. दुसरा आठ. खांदा थरथरत होता. काठीस हात लावूं काय, असें आम्हीं विचारण्यापूर्वींच त्यांनीं मान हलविली. तिसऱ्या आठाच्या वळणावर पाणी फुटलें.

जाळें पाण्यांतच ठेवून त्यांनीं चिमट्यानें गळ सोडविले. एक निघेना, तो कातरून टाकिला. मापपट्टीही पाण्यांतच धरली: ४६ इंच. छायाचित्र घ्यावें असें आम्हीं सुचविलें, तर त्यासाठीं त्यास बाहेर काढावें लागेल, असें ते म्हणाले. शेंपटीचा बुडखा धरून त्यांनीं मासा सांवरून ठेविला, तो आपण होऊन निसटेपर्यंत. मग हात पुसले, काठी आमच्या हातीं दिली आणि स्वतः सुकाणूपाशीं जाऊन बसले. दुपारपर्यंत आम्हीं निदान साठ वेळां तो इंग्रजी आठ काढिला. मागें कोणी आलें नाहीं.