रोहिणखेडची कळलावी

बुलढाण्याच्या पठारावरून घाट उतरला की पायथ्याशी मोताळा तालुक्यातले रोहिणखेड लागते. इतिहासात हे गाव लढायांमुळे गाजले. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीर खानाला इथेच हरवले. १५८२ मध्ये खुदावंद खान महदवी याने इथे दगडी मशीद बांधली. ती पाहण्यासाठी लोक गावात येतात आणि बहुतेक जण तिथूनच परततात.

पण श्रावण-भाद्रपदात आलात, तर घाटाकडच्या नाल्यांवर आणि झुडपांवरही नजर टाका. उन्हाळ्यात काळ्याठिक्कर पडलेल्या या उतारांवर पावसाबरोबर कळलावीचा वेल वर येतो. पानाचे टोक वळवून तो बोरी-बाभळीचा आधार धरतो. फूल आधी हिरवट, मग पिवळे, नंतर लालभडक होते. सहाही पाकळ्या मागे वळून ज्वाळेसारख्या दिसतात, म्हणून तिचे दुसरे नाव अग्निशिखा. हिवाळा सरता वेल वाळतो, पण नांगराच्या आकाराचा कंद जमिनीत जिवंत राहतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, ते या कंदामुळेच.

कळलावी हे नाव बाळंतपणाच्या कळांवरून आले. कळा याव्यात म्हणून तिचा कंद उगाळून लावण्याची जुनी रीत आहे. माता-भगिनींनो, हा प्रयोग घरी कधीही करू नका. तिच्या मुळापासून बीपर्यंत कोल्चिसीन हे जहाल विष असते. कंद पोटात गेला तर उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि पुढे जीवही जाऊ शकतो. मुलांना फूल दाखवा, पण तोंडाजवळ नेऊ देऊ नका. कुणी चुकून खाल्लेच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठा.

हेच कोल्चिसीन डॉक्टरांच्या हाती संधिवाताच्या एका प्रकारावर औषध ठरते. युनानी हकीम सांधेदुखीवर जे सुरंजान देत आले, ती वनस्पतीही याच कुळातली. तमिळनाडूत तर शेतकरी बियांसाठी कळलावीची शेती करतात.

आपल्याकडे मात्र रानातला कंद उपटून नेला जातो. कंद गेला की पुढच्या पावसात वेल येत नाही. अल्लाहने एकाच वेलीत विष आणि शिफा दोन्ही ठेवली आहेत. ती जिथे उगवली तिथेच राहू द्यावी आणि डोळे भरून पाहावी.