हरळी, लॉन आणि आमचा कडुलिंब

शेतकऱ्याच्या पोराला हरळीची ओळख करून द्यावी लागत नाही. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतात ती हीच, आणि काळ्या रानात शिरली की बापाला रडवते ती पण हीच! उन्हाळ्यात खोल नांगरट करून कितीही काशा वेचा, एखादा तुकडा राहतोच आणि मृगाच्या पावसात पुन्हा डोकं वर काढतो.

अशी ही चिवट हरळी आमच्या वाळूजच्या होस्टेलसमोर मात्र जगेना. कडुलिंबाखाली दोनदा लॉन लावलं. दोन्ही वेळा महिनाभर हिरवं, मग टक्कल. त्यात डिसेंबरमध्ये तपासणी समिती येणार असं कळलं आणि उपाय निघाला, "लिंबाच्या फांद्या छाटा, ऊन पडेल."

मित्रांनो, त्या लिंबाखाली काय काय चालतं ते होस्टेलवाल्यांना सांगायला नको. मॅथ्सची घोकंपट्टी, घरचे फोन, बॅकलॉगचं दुःख, सगळं तिथंच. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की खोलीतल्या पंख्यापेक्षा तिथलं वारं बरं. म्हणून आम्ही चौघं रेक्टर सरांना भेटलो आणि एक पावसाळा मागून घेतला.

लॅबमधला लक्समीटर आणला. भर दुपारी उघड्यावर लाखाच्या आसपास लक्स, लिंबाखाली त्याचा दहावा हिस्साही नाही! हरळी उन्हाची भुकेली. सावलीत ती विरळ, लांबुडकी होते, वर झाडाची मुळं पाणी ओढतात. म्हणजे दोष माळीकाकांचा नव्हता, गवताच्या निवडीचा होता.

कोरियन गवत मखमलीसारखं, थोडी सावली सोसतं, पण भरायला फार वेळ घेतं. शेवटी ठरलं रुंद पानांचं कार्पेट ग्रास, शास्त्रीय नाव ॲक्सोनोपस कॉम्प्रेसस. हे मूळचं उष्ण अमेरिकेतलं. झाडांखालच्या कमी उजेडातही पसरतं. पण त्याचेही नखरे आहेत. त्याला ओल हवी, किंचित आम्लट माती हवी, खारं पाणी नको. आपली काळी माती नेमकी चुनखडीची, आणि एमआयडीसीचं पाणी येतं जायकवाडीहून, ते उधळून कसं चालेल? "आरओचं वाया जाणारं पाणी देऊ," ही सिव्हिलवाल्या मित्राची आयडिया क्षारांमुळे बाद झाली.

मग दहा बाय दहा फुटांचा तुकडा घेतला. शेणखत आणि कुजलेला पाला मिसळला. जूनअखेर पाऊस बघून वीतभर अंतरावर कांड्या लावल्या. कापताना तीन इंच उंची ठेवली, कारण पान हीच गवताची चूल. उजेड कमी असताना चूलच कापली तर खाणार काय?

दिवाळीपर्यंत कडेचा भाग छान भरला. बुंध्याभोवती दोन हात मात्र काहीच टिकलं नाही. तिथं गवताचा हट्ट सोडून पार बांधायचं ठरलं. जागा बघून मटेरियल निवडावं, हे आपण वर्गात शिकतोच की!

डिसेंबरमध्ये समिती आली. लॉनबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण दुपारचा चहा घ्यायला सगळी मंडळी न सांगता लिंबाच्या सावलीत जाऊन बसली, आणि फांद्यांचा विषय तिथंच संपला.