एकमेकांकडे पाहत

मागच्या हिवाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या ८२ वर्षांच्या वडिलांना घेऊन पुण्याहून मुंबईला एनसीपीएमध्ये एका पियानो-ट्रिओच्या मैफलीला गेलो होतो. पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशी तीन वाद्ये. वादकही तीनच आणि त्यांना इशारे देणारा संचालक कोणी नाही. आमचे घर हिंदुस्थानी संगीताचे. पाश्चात्त्य संगीतात आम्ही दोघेही नवखे. तरीही अण्णा स्वतःहून ‘येतो’ म्हणाले, हेच मला मोठे वाटले.

कारण चार वर्षांपूर्वी त्यांनी सवाई गंधर्व महोत्सवाला जाणे एकाएकी थांबवले होते. ‘गाण्यात आता मन रमत नाही,’ एवढेच कारण ते देत. घरातही गप्प असत. एक विचारावे तर उत्तर भलतेच. मी त्यांचा मुलगा आणि डॉक्टरही. तरी ‘वय झाले, विसराळूपणा आला’ असा निष्कर्ष मी न तपासताच काढला. दोन वर्षे अशीच गेली. अखेर आईच म्हणाली, “अरे, त्यांना ऐकू येत नाही. तुला एवढेही कळू नये?” तपासणीत दोन्ही कानांची उंच स्वर ऐकण्याची क्षमता बरीच घटल्याचे दिसले. श्रवणयंत्र आले, पण ते अंगवळणी पडायला कित्येक आठवडे लागले.

मैफलीत बीथोव्हेनची ‘आर्चड्यूक’ ट्रिओ होती. ही रचना १८११ सालची. ११ एप्रिल १८१४ रोजी व्हिएन्नात ती प्रथम जाहीरपणे सादर झाली, तेव्हा पियानोवर स्वतः बीथोव्हेन होता. वय अवघे ४३, पण कान जवळजवळ गेलेले. तालमीला हजर असलेल्या लुई श्पोर या संगीतकाराने लिहून ठेवले आहे, की जोराच्या जागी तो पट्ट्यांवर असे प्रहार करी की तारा खणखणत, आणि हळुवार जागी इतका अलगद वाजवी की स्वरांचे पुंजकेच्या पुंजके ऐकू येत नसत. त्यानंतर लवकरच त्याचे जाहीर पियानोवादन संपले. १८१८ पासून भेटीला येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहून त्याला दाखवू लागले. त्याची रचना मात्र पुढेही सुरूच राहिली.

तिसरा, संथ भाग सुरू झाला. पियानोने एक शांत सुरावट मांडली आणि तिची रूपे एकामागून एक उलगडत गेली. अण्णा डोळे मिटून ऐकतील असे मला वाटले होते. ते तर टक लावून वादकांकडे पाहत होते. व्हायोलिनवादक गज उचलण्यापूर्वी श्वास घेई, चेलोवादक मान वर करी, आणि पियानोवादकाची नजर त्या दोघांकडे जाई.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, “चेलो छान ऐकू आला, व्हायोलिन थोडे कर्कश वाटले. पण ते तिघे एकमेकांकडे बघून वाजवतात, पाहिलेस? तुम्ही सगळे माझ्याशी पाठमोरे बोलता.”

मला उत्तर सुचले नाही.

वार्धक्यात बहुधा उंच स्वर आधी हरवतात. त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. अशा वेळी ओरडून उपयोग नाही. समोर बसावे, चेहऱ्यावर उजेड असावा, टीव्ही बंद करावा, सावकाश बोलावे. न कळल्यास तेच वाक्य मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे. कधीकधी कारण केवळ कानातला मळ असते. म्हणून आधी कान तपासून घ्यावा, मग ऑडिओमेट्री करावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात. संगीत कर्कश वाटत असेल, तर ऑडिओलॉजिस्टला तसे सांगावे. अण्णांच्या यंत्रात आता संगीतासाठी वेगळी जुळणी करून घेतली आहे.

अजूनही कधीकधी मी सवयीने पाठमोरा बोलतो. अण्णा चिडत नाहीत. मी वळेपर्यंत थांबतात.