गाडी जी चालवते, तिला विचारा

"साहेब नाही आले?" गॅरेजसमोर गाडी लावून उतरलेल्या बाईला आमच्या भागात पहिला प्रश्न हाच येतो. विचारणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. त्याला गाडीचं दुखणं ऐकायचं असतं, खर्चाला होकार हवा असतो, आणि या दोन्ही गोष्टी पुरुषाकडूनच मिळतात ही त्याची जुनी सवय. पण गाडी रोज चालवते ती बाई. संभाजीनगरहून चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत पैठण तालुक्यातल्या शाळांवर अपडाऊन करणाऱ्या शिक्षिका आहेत, उपकेंद्रांवरच्या आरोग्यसेविका आहेत, दवाखान्यातल्या डॉक्टर आहेत. चौघीजणी वर्गणी काढून एका अल्टोत येतात. त्या गाडीचा क्लच कुठे उचलतो, ब्रेकचं पेडल कालच्यापेक्षा आज किती खाली गेलं, हे घरी बसलेल्या साहेबांना कसं कळणार? फोन लावला की ते सांगतात, "सर्व्हिसिंग करून टाका." ऑइल बदली होतं, गाडी धुऊन मिळते, आणि जो आवाज घेऊन बाई आली तोच आवाज घेऊन परत जाते.

मी मोटार मेकॅनिक आहे. पैठणला माझं गॅरेज आहे. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय, की गॅरेजात बाईचं नुकसान होतं ते सर्वांत आधी तिचं न ऐकल्यामुळे होतं. पैशाची लूट त्याच्यानंतर येते, आणि येते ती त्याच वाटेने.

गाडीचं निदान निम्मं ऐकण्यात असतं. एक ताई म्हणाली, "गाडी वळवताना टकटक करू लागली, सरळ चालली की काहीच नाही." हे एक वाक्य पुरतं. स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर पुढच्या चाकापाशी टकटक म्हणजे ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. बहुतेक वेळा त्याचं रबरी बूट आधी फाटलेलं असतं, ग्रीस उडून गेलेलं असतं आणि आत आपल्या रस्त्यावरची धूळ शिरलेली असते. दुसरी सांगते, "ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यागत होतंय." अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडला पत्र्याची छोटी जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला घासते आणि ओरडते. ती ओरड ऐकून गाडी आणली तर पॅडवर भागतं. दुर्लक्ष केलं तर डिस्कही जाते आणि खर्च दुपटीच्या वर चढतो. वेगासोबत वाढणारा घुंऽऽ आवाज एका बाजूला वळताना कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग बघायचं. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर चाकांचं बॅलन्सिंग. ब्रेक दाबल्यावरच थरथरलं तर डिस्क. गाडी चालताना एसी गार, सिग्नलला उभी राहिली की गरम, तर कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते आधी पाहायचं. गॅस भरायला सांगणारे पुष्कळ आहेत, पण पंखाच बंद असेल तर गॅस भरून काय होणार?

बायका हे सगळं फार नेमकं सांगतात, असा माझा अनुभव आहे. पुरुष गिऱ्हाईक बरेचदा येतानाच निदान घेऊन येतं: "क्लचप्लेट गेलीय, टाकून द्या." बाई निदान सांगत नाही, काय घडतं ते सांगते. कधी होतं, गाडी थंड असताना की गरम झाल्यावर, खड्ड्यात की सपाटीला. मेकॅनिकला हेच हवं असतं. म्हणून माझ्याकडे गाडी आली की मी आधी बाजूच्या सीटवर बसते आणि जी गाडी चालवते तिलाच चालवायला लावते. नाथषष्ठीच्या गर्दीचे दिवस सोडले तर त्यासाठी रिकामा रस्ता सापडतो.

आता पैशाचं. अमेरिकेतल्या केलॉग व्यवस्थापन शाळेतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांना आणि बायकांना देशभरातल्या गॅरेजांत फोन करायला लावलं. गाडी एकच, 2003 ची टोयोटा कॅमरी; काम एकच, रेडिएटर बदलणं. भावाचा काही अंदाज नाही असं सांगितलं तेव्हा पुरुषांना सरासरी 383 डॉलर सांगितले गेले आणि बायकांना 406. "साधारण 365 डॉलर लागतात असं ऐकलंय," एवढं म्हटल्यावर मात्र हा फरक नाहीसा झाला. आणखी एक गोष्ट निघाली. कमी करून मागितल्यावर बायकांचं ऐकणारी गॅरेजं जास्त होती, शंभरांतली 35, पुरुषांसाठी 25. मला यात फार महत्त्वाचं काही दिसतं. समोरचा बाईपणाची किंमत लावत नसतो, तिला माहीत नसणार या अंदाजाची किंमत लावत असतो. तिला माहीत आहे असं दिसलं की दर खाली येतो. साडी घेताना जी बाई काठ-पदर उलटून बघते आणि दोन दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढत नाही, तीच गॅरेजात म्हणते, "तुम्हीच बघा काय ते." हा संकोच तिच्या स्वभावात नाही, तो गॅरेजने तिला शिकवलाय.

माहीत आहे असं दिसण्यासाठी इंजिन शिकायची गरज नाही. काम सुरू होण्याआधी पार्ट किती आणि लेबर किती, हे वेगवेगळं लिहून मागावं. पार्ट डबीबंद असेल तर डबीवर कमाल किंमत छापलेली असते, तशी ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. डबी बघायला मागावी. काढलेला जुना पार्ट समोर ठेवायला सांगावा, हवा तर घरी न्यावा. पैसे दिलेत, तो तुमचाच आहे. बिल पक्कं घ्यावं, कारण पुढे जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत जायची वेळ आली तर तोंडी बोलण्याचा उपयोग नसतो. आणि डिझेल गाडीचं ऑइल "काळं झालंय" म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नये. डिझेलचं ऑइल नवं टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. ते किती किलोमीटरला बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. बिलासोबत बोलणी खायला लावतात. "मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, म्हणून प्लेट गेली." क्लचवर पाय ठेवून चालवलं की प्लेट लवकर जाते हे खरं, पण ती पुरुषाच्या पायाखालीही तेवढीच जाते, आणि त्याला हे कुणी सुनावत नाही. अशी बोलणी खाल्लेली बाई पुढच्या वेळी गाडी नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाती पाठवते. मग गाडीचं खरं दुखणं सांगणारं माणूसच गॅरेजातून नाहीसं होतं.

बाई मेकॅनिक इतक्या कमी का, असं मला विचारतात. ताकदीचं कारण पुढे केलं जातं, ते टिकत नाही. छोट्या गाडीचं चाक साधारण पंधरा किलोचं. घरातला भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास, आणि तो स्वयंपाकघरात कोण सरकवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चाकाचा नट शंभर न्यूटन-मीटरच्या आगेमागे आवळायचा असतो. अर्धा मीटर लांब दांडा घेतला तर त्यासाठी वीसेक किलोचा जोर पुरतो. दांडा लांब घेतला की जोर आणखी कमी लागतो. गिअरबॉक्स उतरवायला जॅक असतो, गाडी उचलायला लिफ्ट. जी गॅरेजं अजून खांद्यावर गिअरबॉक्स घेतात, तिथल्या पुरुषांच्या कमरा चाळिशीत गेलेल्या मी पाहिल्यात.

खरं कारण शिकण्याच्या रीतीत आहे. आमच्याकडे गॅरेजचं काम उस्तादाकडे शिकलं जायचं. दहा-बारा वर्षांचं पोरगं दुकानात ठेवायचे. आधी झाडू, मग चहा, मग "बारा-तेराचा पाना आण", मग पंक्चर, आणि मिसरूड फुटेपर्यंत इंजिन खोलायला लागायचं. लहान मुलांना असं कामाला लावणं वाईटच होतं. पण कसब जायचं ते त्याच वाटेने, आणि त्या वाटेवर मुलीला कुणी ठेवलंच नाही. मुलींसाठी वाट उघडली ती आयटीआयने. तिथे मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यानंतर शिकाऊ उमेदवार म्हणून एखाद्या आगारात किंवा कार्यशाळेत काम करता येतं. राज्याच्या 1994 च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकरीत बायकांसाठी 30 टक्के जागा राखीव झाल्या, आणि एसटीतही हळूहळू मुली यांत्रिकी कामावर आल्या. एसटीच्या राज्यात तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत: दापोडी, हिंगणा आणि आपलं चिकलठाणा. बसखाली झोपून काम करणारी मुलगी आपल्या जिल्ह्यात आता नवलाची राहिलेली नाही.

कारखान्यांत बदल अधिक झाला. 1974 मध्ये टेल्कोच्या, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याबद्दल जाब विचारला आणि त्या कंपनीत रुजू झाल्या. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात पुढे हॅरिअर आणि सफारी जोडणाऱ्या ओळीवर सगळ्या बायका आल्या. पण जोडणीच्या ओळीवर प्रत्येकीला ठरलेलं काम असतं. दुरुस्तीत रोज नवीन कोडं येतं, गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि शब्द तुमचा असतो. तिथे बायका अजून तुरळकच आहेत. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकचे टायर खोलणाऱ्या शांतिदेवींचं नाव देशभर झालं, ते त्या एकट्या होत्या म्हणून. खरं तर मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातली दुरुस्तीही बाईनेच केली होती. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन अडचणी आहेत, त्यांच्यावर कुणी बोलत नाही. पहिली दागिन्यांची. हातात धातूचं कडं, पाटली किंवा अंगठी असताना बॅटरीवर काम करायचं नाही. पाना प्लस टोकावर असताना कडं पान्याला आणि बॉडीला एकदम लागलं की क्षणात लालभडक होतं, कातडी भाजून निघते. मंगळसूत्र फिरत्या पट्ट्याजवळ लोंबता कामा नये. हे मुलीला एका दिवसात समजतं; तिच्या सासूला समजायला वेळ लागतो. "सवाष्णीनं हात मोकळे ठेवू नयेत" म्हणत काम सोडायला लावलेलं मी पाहिलंय. मी आता घरी जाऊन मोठ्या बाईलाच समजावून सांगते, बॅटरीच्या ठिणगीसकट. बॉयलर सूटच्या आतल्या खिशात मंगळसूत्र ठेवायचं, सुटताना घालायचं, यावर बहुतेक घरं राजी होतात.

दुसरी अडचण संडासाची. रस्त्याकडेच्या गॅरेजात संडास नसतो, पुरुष भिंतीआड जातात. मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही, आणि आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपार असतो. आतून कडी लागणारा संडास नसेल त्या गॅरेजने मुलीला कामावर ठेवतो म्हणूच नये. गिऱ्हाईक बाईलाही तो लागतो. दोन तास गाडीसाठी थांबायचं तर तिने कुठे जायचं?

बाई मेकॅनिक दिसली की बाई गिऱ्हाईक लगेच भरवसा टाकते, असंही नाही. "मिस्त्री कुठंयत?" हे मला बायकांनीच जास्त विचारलंय. मी त्यांना टॉर्च हातात देते आणि ब्रेक पॅड दाखवते. किती उरलंय ते त्यांना स्वतःच दिसतं, पुढचं बोलणं सोपं जातं. टायरच्या खाचेत छोटा उंचवटा असतो, रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं म्हणजे 1.6 मिलिमीटर उरलं, टायर बदला. एवढं कळलेली शिक्षिका पुढच्या खेपेला आपल्या शाळेतल्या आणखी दोघींना घेऊन येते.

आता इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. नव्या गाड्यांचं काम दारात येतंय. इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत तीन-चारशे व्होल्ट असतात. नारिंगी वायरला हात लावण्याआधी सर्व्हिस प्लग काढायचा, ठरलेला वेळ थांबायचं, मीटर लावून दाब शून्य आहे याची खात्री करायची, रबरी हातमोजे प्रत्येक वेळी तपासायचे. इथे उस्तादालाही पहिल्या धड्यापासून शिकावं लागतंय, पोरगं म्हणून लहानपणी काढलेल्या वर्षांचा फायदा इथे कुणालाच नाही. माझ्याकडे आयटीआय करून आलेली मुलगी सध्या मीटर लावायला शिकतेय. तिला संध्याकाळची एसटी गाठायची असते, म्हणून तिचं काम मी सकाळी लवकर सुरू करते, आणि इलेक्ट्रिक गाडी आली की पहिलं मोजमाप तिच्याकडूनच करून घेते.