ढगळ बूट

१९४१ च्या ऑक्टोबरात व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावी मॉस्कोहून निघालेल्या मुली पोहोचल्या. मरीना रस्कोवा या नामवंत सोव्हिएत वैमानिकेने त्यांना हवाई दलासाठी निवडलं होतं. सैन्याच्या कोठारात त्यांच्यासाठी होते ते पुरुषांचे कपडे आणि पुरुषांचेच बूट. विजारी दुमडून, बुटांत कागद आणि चिंध्या कोंबून त्या कवायतीला उभ्या राहिल्या. रणांगणावरची बाई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तलवारीच्या आधी ते ढगळ बूट येतात.

त्यांतल्याच काहींची ५८८ वी रात्रीची बाँबफेकी रेजिमेंट झाली. वैमानिक, मेकॅनिक, बाँब चढवणाऱ्या, सगळ्या बायका. विमान पीओ-२: लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड, वर उघडं आकाश. मुळात ते शिकाऊंना उडायला शिकवण्याचं आणि शेतावर औषध फवारण्याचं. लक्ष्य जवळ आलं की इंजिन अगदी मंद करायचं आणि अंधारातून तरंगत खाली यायचं. खाली ऐकू जायची ती फक्त पंखांच्या तारांमधून वाहणाऱ्या वाऱ्याची शीळ. जर्मन सैनिक त्यांना रात्रीच्या चेटकिणी म्हणत. एका रात्रीत आठ-दहा खेपा, कधी त्याहून जास्त. आणि १९४४ पर्यंत पॅराशूटही नाही. येवगेनिया रुदनेवा ही खगोलशास्त्राची विद्यार्थिनी तिथे दिशादर्शक होती. १९४४ च्या एप्रिलमध्ये केर्चजवळ तिचं विमान पेटलं, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. आज एका लघुग्रहाला तिचं नाव आहे. तिने स्वतः किती तारे शोधले असते, या विचाराने मला दर वेळी हळहळ वाटते.

माझी भाची 'कॉल ऑफ ड्यूटी: व्हॅनगार्ड' हा त्याच महायुद्धावरचा व्हिडिओ गेम खेळते, तेव्हा मी शेजारी बसते. त्यातली पोलिना पेत्रोवा ही नेमबाज ल्युदमिला पावलिचेन्कोवरून सुचलेली. खरी ल्युदमिला ओडेसा आणि सेवास्तोपोलला लढली. ३०९ बळी तिच्या नावावर आहेत. खेळातली पोलिना स्टालिनग्राडच्या पडक्या इमारतींतून सरसर जाते. तिला बूट चावत नाहीत, पाळी येत नाही. ऑनलाइन सामन्यात बाईचं रूप घ्या की पुरुषाचं, धाव तीच, ताकद तीच. भाचीला त्यात काही नवल वाटत नाही आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

२०१८ साली 'बॅटलफील्ड ५' मध्ये बाई दिसली म्हणून मात्र किती गदारोळ झाला! इतिहास बिघडवला, असं खेळाडू म्हणत होते. त्या खेळात नॉर्वेतल्या, जर्मनांच्या ताब्यातल्या जड पाण्याच्या कारखान्यावरच्या मोहिमेत एक काल्पनिक मुलगी घातली होती. खरी कामगिरी नॉर्वेच्या पुरुष कमांडोंची. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पुरुषांचा पराक्रम उसना घेण्याची गरजच नव्हती. रुदनेवा होती, तिच्यासारख्या कितीतरी होत्या. त्या खऱ्या बायकांना कुणी बोलावलंच नाही, आणि भांडण झालं ते कल्पनेतल्या बाईवरून.

शरीराचं ओझं खेळात पुसता येतं, कोठारात येत नाही. युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर हजारो बायका पुरुषांच्या मापाच्या गणवेशात लढल्या. संरक्षण मंत्रालयाने त्यांच्या मापाचा गणवेश मंजूर केला तो २०२३ साली. ज्या सैन्याला बाईचं माप ठाऊक नाही, त्याने तिला पुरतं आपलं मानलेलं नाही, असं मला वाटतं.

आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सतरा जणी. पायदळ आणि रणगाडे मात्र मुलींना अजून बंदच. २०२० मध्ये लष्करातल्या बायकांच्या पर्मनंट कमिशनच्या, म्हणजे कायम नेमणुकीच्या, खटल्यात सरकारने बाईचं शरीर आणि मातृत्व ही कारणं पुढे केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. तीच कारणं पायदळाच्या दाराशी आजही ऐकू येतात, आणि मला ती पटत नाहीत. परीक्षा घ्या, मुलांची घेता तितकीच कडक घ्या. पण ती द्यायला या मुलींना मैदानात उतरू तर द्या.